देऊळघाट : किरायाच्या खोलीत राहताय? करार, पावती, नोटीस ते घरकुल. भाडेकरूंसाठी सविस्तर माहिती

देऊळघाट (ता. बुलढाणा) : "पुढच्या महिन्यात खोली खाली करा," एवढे एक वाक्य किरायदाराच्या घराची घडी मोडायला पुरते. करार तोंडी झालेला असतो. किराया हातात दिलेला, पावती नाही. डिपॉझिटची नोंद कुठेच नाही. लाइट बिल घरमालकाच्या नावावर. लेकरांची शाळा अर्ध्यावर, घरातला माणूस रोजमजुरीवर, आणि नवी खोली बघायची म्हटली की पुन्हा डिपॉझिटचे पैसे उभे करायचे. भांडायचे ठरवले तरी कशाच्या जोरावर, हा प्रश्न उरतोच.

पैनगंगेच्या काठावरचे देऊळघाट हे बुलढाणा तालुक्यातील जुने आणि मोठे गाव. जिल्ह्याचे ठिकाण जवळ आहे. अशा गावांत स्वतःचे घर नसलेली कुटुंबेही राहतात. कुणी कामासाठी येते, कुणाची भावाभावांत वाटणी होऊन घर हातचे जाते, कुणाचे जुने मातीचे घर पडलेले असते. शहरातला किराया झेपत नाही म्हणून जवळच्या गावात खोली बघणारेही असतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशाच्या ग्रामीण भागात शंभरातली जेमतेम ३.४ कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. शहरी भागात हेच प्रमाण २७.६ टक्के होते. गावात किरायदार संख्येने थोडे, म्हणून त्यांचा विषय ग्रामसभेत क्वचितच निघतो. नियम मात्र त्यांच्यासाठीही आहेत. ते कोणते आणि वापरायचे कसे, याची ही माहिती.

गावातला किराया : तोंडी बोली, तोंडीच मुदत

गावाकडे खोली देताना फार विचारपूस होत नाही. ओळखीचा माणूस मध्ये असतो, किराया ठरतो, एक-दोन महिन्यांचे डिपॉझिट दिले जाते आणि बिऱ्हाड येऊन पडते. दुरुस्ती कोणी करायची, पाण्याचे पैसे वेगळे की त्यातच, लाइटचा युनिट कोणत्या दराने, खोली सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, यातले काही बोलले जाते, काही राहून जाते. सगळे सुरळीत आहे तोवर याची गरज पडत नाही. मालकाच्या घरात लग्न निघाले, मुलगा वेगळा राहणार म्हणाला, घर विकायला काढले किंवा दोन महिन्यांचा किराया थकला, की या न बोललेल्या गोष्टी पुढे येतात.

तोंडी बोलीचा व्यवहार सरसकट बेकायदेशीर नसतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०७ प्रमाणे एक वर्षापर्यंतचा भाडेपट्टा तोंडी ठरवून ताबा दिला तरी होऊ शकतो. अडचण येते ती सिद्ध करताना. कोर्टात, पोलीस ठाण्यात किंवा तहसीलमध्ये विचारतात, "तुमच्याकडे काय आहे?" तिथे कागद लागतो.

कोणता कायदा लागू होतो?

बुलढाणा जिल्हा जुन्या वऱ्हाडातला. त्यामुळे इथला भाडे कायद्याचा इतिहास मुंबई-पुण्याहून वेगळा आहे. मुंबई भागात १९४७ चा मुंबई भाडे कायदा होता, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा होता आणि विदर्भात मध्य प्रांत व वऱ्हाड भाडे नियंत्रण आदेश, १९४९ चालत असे. या आदेशाखाली, तो लागू असलेल्या ठिकाणी, घरमालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याआधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यावी लागे. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी हा आदेश टिकून राहिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू झाला आणि तिन्ही जुनी व्यवस्था एकत्र झाली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हा कायदा महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाला आपोआप लागू होत नाही. कायद्याला जोडलेल्या अनुसूची एक आणि दोनमध्ये नोंदलेल्या क्षेत्रांना, तसेच सरकारने अधिसूचना काढून जोडलेल्या क्षेत्रांना तो लागू होतो. ज्या गावाचे नाव त्यात नाही, तिथे भाड्याचा व्यवहार १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने चालतो. म्हणून वाद निर्माण झाल्यावर पहिला प्रश्न वकिलाला किंवा विधी सेवा प्राधिकरणात हाच विचारावा : "आमची खोली ज्या हद्दीत आहे, तिथे भाडे नियंत्रण कायदा लागू आहे का?" दोन्ही कायद्यांत संरक्षणाचा फरक मोठा आहे. किरायाची खोली बुलढाणा शहरात असेल तर उत्तर वेगळे, गावात असेल तर वेगळे येऊ शकते.

भाडेकरू आणि लिव्ह अँड लायसन्स : दोन्ही एक नाहीत

छापील करारावर बहुतेक वेळा "लिव्ह अँड लायसन्स" असे लिहिलेले असते. मराठीत त्याला "संमती व परवाना" करार म्हणतात. यात खोलीत राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. मुदत संपली की त्याने जागा सोडायची असते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो.

भाडेकरूला, म्हणजे ज्याला जागा भाडेपट्ट्याने दिली आहे त्याला, यापेक्षा जास्त संरक्षण मिळते. त्यामुळे सही करण्याआधी कागदाचे नाव आणि मुदत वाचून घ्यावी. अकरा महिन्यांचा करार असेल तर तो कोणत्या तारखेला संपतो ते कॅलेंडरवर लिहून ठेवावे आणि एक-दोन महिने आधीच पुढचे बोलून घ्यावे.

नोंदणी कोणी करायची? खर्च किती?

"स्टँपपेपरवर लिहिले, नोटरी केली, झाले," असा समज सगळीकडे आहे. भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ वेगळे सांगते. करार लेखी हवा आणि तो नोंदणी अधिनियम, १९०८ खाली नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते. तसे नव्हते हे सिद्ध करायचे काम मालकावर येते. नोंदणी टाळणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे.

खर्च मात्र वाटतो तेवढा नाही. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने लागते. ते पूर्ण मुदतीचे भाडे, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेली रक्कम यांच्या बेरजेवर काढतात. समजा किराया महिन्याला २,००० रुपये, मुदत ११ महिने आणि डिपॉझिट ५,००० रुपये आहे. भाड्याचे २२,००० रुपये झाले आणि डिपॉझिटवरचे साधारण ५०० रुपये. एकूण २२,५०० रुपयांवर ०.२५ टक्के म्हणजे साठ रुपयांच्या आत. प्रत्यक्ष भरायची रक्कम पूर्णांकात कशी धरतात ते दुय्यम निबंधक कार्यालयात कळते. नोंदणी फी याशिवाय वेगळी असून ती ग्रामीण भागात शहरापेक्षा कमी आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ऑनलाइन नोंदणीही होते. सेतू केंद्र किंवा एजंटकडून करून घेताना सरकारी रक्कम किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळे विचारावे.

ज्या गावाला भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, तिथेही करार नोंदवता येतो आणि तो दोघांच्याही कामाचा ठरतो. मालकाला मुदतीची खात्री मिळते आणि किरायदाराला पत्त्याचा पुरावा.

किरायावाढ, डिपॉझिट आणि पावती

भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या जागेत, भाडेकरूच्या प्रमाणभूत भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. लिव्ह अँड लायसन्समध्ये वाढ करारात ठरते. म्हणून "अकरा महिन्यांनी ५ टक्के" किंवा "ठरावीक २०० रुपये" असे स्पष्ट लिहून घ्यावे. "परस्पर संमतीने" एवढेच लिहिले तर वाद ठरलेलाच.

डिपॉझिट किती घ्यावे याला महाराष्ट्राच्या कायद्यात घातलेली मर्यादा नाही. केंद्राने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे डिपॉझिट म्हणून घेता येईल असे म्हटले आहे. पण तो नमुना कायदा आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो इथे लागू होत नाही, त्यामुळे त्याचा दाखला देऊन मालकाशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा डिपॉझिटची रक्कम, ते किती दिवसांत परत द्यायचे आणि त्यातून काय कापता येईल, हे करारात लिहून घेणे कामाला येते.

किराया घेतला की लेखी पावती द्यायची, हे भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ ने मालकावर बंधनकारक केले आहे. गावात पावतीपुस्तक कोणी ठेवत नाही. त्यावर सोपा उपाय आहे. किराया बँक खात्यावर किंवा फोनवरून यूपीआयने द्यायचा आणि शेऱ्यात महिन्याचे नाव लिहायचे. रोखच द्यावा लागत असेल तर साध्या वहीत तारीख, रक्कम आणि मालकाची सही घ्यायची. बारा महिन्यांच्या बारा सह्या ज्या वहीत आहेत, ती वही कोर्टातही वाचली जाते.

"खोली खाली करा" म्हटले तर

भाडे नियंत्रण कायदा लागू असेल तर भाडेकरूला केवळ मालकाची मर्जी फिरली म्हणून काढता येत नाही. भाडे भरायला तयार असलेल्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूला कलम १५ संरक्षण देते. भाडे थकले असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबल्याशिवाय दावा लावता येत नाही. दावा लागल्यावरही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली, तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही.

कलम १६ मध्ये जागा परत मागण्याची कारणे दिली आहेत : मालकाला स्वतःसाठी खरोखर गरज असणे, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे, पक्के बांधकाम करणे, शेजाऱ्यांना उपद्रव देणे, जागा विनाकारण सहा महिन्यांहून जास्त बंद ठेवणे, अशी. मालकाच्या गरजेच्या कारणात कोणाला जास्त त्रास होईल, याचाही विचार कोर्ट करते. हे दावे मुंबईबाहेर बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतात.

कायदा लागू नसलेल्या गावात संरक्षण कमी आहे, पण शून्य नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ प्रमाणे वेगळे काही ठरले नसेल तर राहत्या खोलीचा भाडेपट्टा महिन्या-महिन्याचा धरतात आणि तो संपवायला १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. नोटीस मिळाल्या दिवसापासून हे १५ दिवस मोजतात. "उद्या सकाळी निघा" असे सांगणे या नियमात बसत नाही. त्याच वेळी किरायदाराने हेही ओळखावे की पंधरा दिवस फार कमी असतात. त्यामुळे गावात किमान एक महिना किंवा दोन महिने आधी सांगायचे, अशी अट आधीच लिहून घेतली तर सगळ्यात मोठा फायदा किरायदाराचाच आहे. "शाळेचे वर्ष संपेपर्यंत खोली खाली करायला लावणार नाही" अशीही अट घालता येते.

कुलूप बदलले, सामान बाहेर काढले तर

कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप बदलणे, सामान रस्त्यावर काढणे याला कायद्यात जागा नाही. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ प्रमाणे, कायदेशीर मार्गाशिवाय ज्याला जागेतून काढले त्याला ताबा परत मिळावा म्हणून दिवाणी दावा करता येतो. मुदत फक्त सहा महिने. या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न बघितला जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा घेतला, एवढेच बघितले जाते. मालकी घरमालकाची आहे म्हणून किरायदाराचा दावा पडत नाही.

अशा वेळी मोबाइलवर फोटो आणि व्हिडिओ काढावा, शेजारच्या दोघा-तिघांची नावे लिहून ठेवावीत, ११२ वर फोन करावा आणि हद्दीतील पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. "हा दिवाणी मामला आहे" असे उत्तर मिळू शकते. तरी धमकी, मारहाण, घरात घुसणे, सामानाचे नुकसान या गोष्टी गुन्ह्यात मोडतात. तक्रारीत भाड्याचा वाद थोडक्यात आणि घडलेला प्रकार तारीख-वेळेसह नीट लिहावा.

लाइट, पाणी तोडले तर

खोली खाली करून घेण्यासाठी नळ बंद करणे, बोअरची मोटर न लावणे, मीटरची वायर काढणे हे प्रकार घडतात. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने पाणी, वीज, संडास यांसारख्या अत्यावश्यक सोयी विनाकारण तोडायला मनाई केली आहे. भाडेकरू कोर्टाकडे अर्ज करून त्या पूर्ववत करण्याचा अंतरिम हुकूम मागू शकतो.

विजेबाबत आणखी एक वाट आहे. वीज अधिनियम, २००३ च्या कलम ४३ मध्ये जोडणी मागण्याचा हक्क "मालक किंवा भोगवटादार" यांना दिला आहे. म्हणजे केवळ मालकच अर्ज करू शकतो असे नाही. मात्र महावितरणकडे जाताना त्या जागेत कायदेशीरपणे राहत असल्याचा कागद लागतो. इथेही नोंदवलेला करारच उपयोगी पडतो.

छत गळत असेल, भिंत ओली धरत असेल तर जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी कलम १४ ने मालकावर टाकली आहे. १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश. टिनाच्या खोलीला वर्षाला १८,००० रुपये किराया असेल तर ४,५०० रुपयांपर्यंत.

घरमालकाची भीती : "बारा वर्षे राहिला की घर त्याचे"

अनेक मालक एकाच किरायदाराला फार दिवस ठेवत नाहीत. बारा वर्षे राहिला तर घर बळकावेल, ही भीती त्यामागे असते. ती चुकीची आहे. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे आणि स्वतःला मालक समजून ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. किरायदार मालकाच्या परवानगीने राहतो, भाडे देऊन त्याची मालकी मान्य करतो. त्यामुळे नुसती वर्षे मोजून तो मालक होत नाही. उलट नोंदवलेला करार आणि भाड्याच्या पावत्या हाच मालकासाठी सगळ्यात भक्कम पुरावा असतो. कागद केल्याने घर जाते हा समज सोडला, तर मालक निर्धास्त होतो आणि किरायदाराला वर्षा-दीड वर्षाला बिऱ्हाड हलवावे लागत नाही.

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, मालकाबरोबर भोगवटादाराचाही रकाना असतो. तिथे नाव आले म्हणजे मालकी मिळाली असे होत नाही. ती नोंद घरपट्टीसाठी असते. तलाठ्याकडचा ८-अ उतारा वेगळा, तो शेतजमिनीच्या खात्याचा. दोन्हींच्या नावात आठ असल्याने गल्लत होते.

पत्ता बदलला की नाव कुठे कुठे बदलायचे

खोली बदलली की कुटुंब यादीतून सुटते, आणि योजना यादीवरच चालतात. म्हणून पुढील गोष्टी लवकर उरकाव्यात.

• मतदार यादी : पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ चा अर्ज (हा निवडणूक विभागाचा, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शी संबंध नाही). स्वतःचे घर असण्याची अट नाही, सर्वसाधारणपणे तिथे राहत असणे पुरेसे. गावच्या मतदार यादीत नाव असलेलाच ग्रामसभेचा सदस्य असतो. नाव नसेल तर घरकुलाच्या यादीवर बोलण्याचा हक्कही राहत नाही.

• रेशन : "एक देश एक रेशनकार्ड" व्यवस्थेत कार्ड दुसऱ्या गावचे असले तरी अन्नसुरक्षा यादीतील कुटुंबाला आधारच्या ठशावर जवळच्या दुकानातून धान्य मिळते. कायमचे राहायला आले असाल तर तहसीलच्या पुरवठा विभागात कार्ड वर्ग करून घ्यावे.

• शाळा : शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला वर्षाच्या मध्येही प्रवेश मिळतो. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

• आधार : करार नसेल तर कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून घरातल्या इतरांचा पत्ता बदलता येतो. आधी प्रमुखाचा पत्ता दुरुस्त करावा.

स्वतःचे घर : घरकुल आणि जागेचा प्रश्न

किरायातून सुटायची गावातली मुख्य वाट म्हणजे घरकुल. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) नोव्हेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. साध्या भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये मिळतात. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीतून ९० दिवसांपर्यंतची मजुरी वेगळी. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे. याशिवाय अनुसूचित जातींसाठी रमाई आवास, अनुसूचित जमातींसाठी शबरी, विमुक्त-भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत आणि इतर मागासवर्गासाठी मोदी आवास या राज्याच्या योजना आहेत.

किरायदाराची अडचण दोन ठिकाणी होते. पहिली सर्वेक्षणात. पाहणीला आलेला माणूस घर कच्चे की पक्के ते बघतो. कुटुंब किरायाच्या सिमेंटच्या खोलीत राहत असेल तर नोंद चुकण्याची शक्यता असते. त्यामुळे "घर आमचे नाही, किरायाने राहतो" हे स्पष्ट सांगून नोंदवून घ्यावे आणि करार दाखवावा. दुसरी अडचण जागेची. ज्याला जागा नाही त्याचे नाव यादीत येऊनही बांधकाम सुरू होत नाही, हप्ता सुटत नाही.

जागा नसलेल्यांसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे. त्यात पात्र लाभार्थ्याला ५०० चौरस फुटांपर्यंतची जागा घ्यायला मदत मिळते. ती आधी ५० हजार रुपयांपर्यंत होती, नंतर १ लाखापर्यंत वाढवली गेली. अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पंचायत समितीकडे जातो. जागा विकत घेताना ती गावठाणात आहे का, विकणाऱ्याच्या नावावर आहे का, रस्ता आहे का, हे बघावे. नुसत्या घरपट्टीच्या पावतीवर किंवा शंभर रुपयांच्या स्टँपवर जागा घेऊ नये.

"गायरानात टाकू दोन टिना" हा सल्ला गावात सहज मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले आहेत. किराया वाचवायला बांधलेले असे घर पुढे केव्हाही हटवले जाऊ शकते, आणि तिथे किरायदाराइतकेही संरक्षण नसते.

पुरात, पावसात घर पडले तर मदत कोणाला?

नदीकाठच्या गावात हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद भागाने तो पाहिला. घर पडले तर बांधकामाची मदत घराच्या मालकाला जाते. मात्र वाहून गेलेले किंवा भिजलेले कपडे, भांडी किरायदाराची असतात. आपत्ती मदतीच्या २०२२-२६ च्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५०० रुपये कुटुंबामागे धरले आहेत. यासाठी तलाठ्याच्या पंचनाम्यात "राहणारे कुटुंब" म्हणून किरायदाराचे नाव स्वतंत्र यायला हवे. पंचनामा होताना तिथे हजर राहावे, नाव लिहिल्याची खात्री करावी, बँक पासबुकाची प्रत द्यावी. मालकाच्या नावाने एकच पंचनामा झाला तर किरायदाराचे नुकसान कागदावर येतच नाही.

गावचा माणूस बाहेरगावी किरायदार

जिल्ह्यातून अनेकजण कामासाठी पुणे, मुंबई, छत्रपती संभाजीनगर, सुरतकडे जातात. गावात घर असलेला माणूसही तिथे किरायदारच असतो. महाराष्ट्रातील शहरात नोंदणीकृत करार मागावा. गुजरातेत महाराष्ट्राचा भाडे कायदा चालत नाही, तिथले नियम वेगळे आहेत. कारखान्याजवळच्या खोलीत पाच-सहाजण मिळून राहतात आणि करार एकाच्या नावावर असतो. बाकीच्यांनी आपला वाटा त्याच्या खात्यावर टाकावा, म्हणजे राहत असल्याची नोंद राहते.

शिकायला बाहेर गेलेल्या, शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. महापालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी योजनेत वर्षाला ४३ हजार रुपये धरले होते. त्यात निवासाचे १२ हजार, म्हणजे महिन्याला हजार. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम आणि इतर मागासवर्गासाठी सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. अर्जाला भाड्याचा करार लागतो, म्हणून खोली घेतानाच तो करून घ्यावा.

मदत कुठे मिळेल?

• जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, जिल्हा न्यायालय, बुलढाणा : महिला, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कामगार आणि उत्पन्न मर्यादेतील सर्वांना वकील मोफत मिळतो. महिलांना उत्पन्नाची अट नाही. दावा लावण्याआधी समेटाचाही प्रयत्न होतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१००.

• दुय्यम निबंधक कार्यालय : करार नोंदणी, शुल्काची माहिती.

• ग्रामपंचायत, पंचायत समिती : घरकुल यादी, जागा खरेदी योजना, रहिवासाबाबतची नोंद.

• तहसील कार्यालय : रेशनकार्ड, पंचनामा, मतदार नोंदणी.

आजच करून ठेवण्यासारखे

करार नसेल तर निदान एका कागदावर किराया, डिपॉझिट, राहायला आल्याची तारीख आणि सोडण्याआधी किती दिवस सांगायचे, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. खोलीत शिरताना भिंती, छत, दरवाजे, मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढावेत. पुढच्या महिन्याचा किराया यूपीआयने द्यावा. लाइटचे पैसे ज्या महिन्याचे दिले त्याची नोंद ठेवावी. मालक किराया घ्यायला नकार देत असेल तर "दिला नाही" असा ठपका येऊ नये म्हणून तो लगेच खात्यावर पाठवावा. खोली सोडताना डिपॉझिटचा हिशेब मालकासमोर करून "काही देणे-घेणे नाही" असे लिहून घ्यावे. हे सगळे कागद एका पिशवीत, आधार आणि रेशनकार्डासोबत ठेवावेत.